उजव्या गालावरचे ऊन

फ्रिजला टेकवून ठेवलेल्या चित्रासमोर हिंदुराव बराच वेळ मान तिरकी करून बसले होते. समोरच्या खुर्चीत विष्णुपंतांनी चहाचा कप हातात धरला होता, पण अजून घोट घेतला नव्हता. बुवापाड्यातल्या हिंदुरावांच्या दोन खोल्यांच्या घरात टर्पेंटाइनचा आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळला होता.

"झाडं वळखली," अखेर हिंदुराव म्हणाले. "ह्यो ऐन. ह्याच्या बुडाला टेकून आपुन डबा खायाचो. ही नाल्याची धार. त्यो पलीकडचा धोंडा. समदं मापात हाय, पंत."

"मग?"

"पर ही सांज हाय."

पंतांनी कप खाली ठेवला. "सांज कशी असेल? मी सकाळ काढली आहे."

"आपुन कोंडेश्वराच्या अंगानं रानात शिरायचो, ते नाला धरून, वर उत्तरेकडं. सकाळच्या पारी. ऊन कुठं लागायचं, सांगा बरं?" हिंदुरावांनी उजव्या हाताचा पंजा स्वतःच्या उजव्या गालावर ठेवला. "हितं. घरी येऊस्तवर ह्यो गाल तापलेला आसायचा. तुमच्या चित्रात ऊन डाव्या अंगानं येतंय. म्हंजी दिस कलला. त्या वक्ताला आपुन कवाच घरी येऊन झोपलेलो आसायचो."

ओट्यापाशी भाकरी थापत असलेल्या त्यांच्या पत्नी बनूबाई पिठाच्या हातांनीच वळल्या. "काय मेलं सकाळ न् सांज! भावजींनी येवढं बदलापूरवरनं रिक्षात सांभाळून आनलंय. जरा ग्वाड बोलावं मानसानं."

"ग्वाडच बोलतोय. तोंडदेखलं बोलू व्हय पंतांशी?" हिंदुराव पुन्हा चित्राकडे वळले. त्यांचा आवाज उतरला. "सांज काय, मी रोजच बघतो. मशीनवरनं उठलं की समद्या अंगात सांजच आसती. आता त्या भितीवर बी तीच कशाला? ऱ्हाऊ द्या, पंत. चित्र लई झ्याक झालंय. तुमच्या घरी लावा."

आणि एवढे बोलून ते आत जाऊन पडले.

*

विष्णुपंत अंबरनाथच्या एका यंत्रकारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये ड्राफ्ट्समन होते आणि हिंदुराव तिथेच फिटर. पंतांनी कागदावर ओढलेली रेघ हिंदुरावांच्या हातून लोखंडात उतरायची. एक साताऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला पांढरपेशा. कारखान्याच्या वेळेत दोघांची फारशी गाठ पडत नसे. गाठ पडायची ती शुक्रवारी. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी दोघे सायकली काढून कोंडेश्वरपलीकडच्या रानात जात. ना देवदर्शनाचे निमित्त, ना शिकारीचे. झाडांतून चालायचे, ऐनाखाली डबा खायचा आणि परत यायचे, इतकेच. वर्षानुवर्षे ते हेच करीत आले. दोघांच्या बायकांनी या वेडाचे कारण विचारणे कधीच सोडून दिले होते.

पुढे कारखाना बंद झाला, दोघे निवृत्त झाले, आणि हिंदुरावांच्या मूत्रपिंडांनीही काम थांबवले. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरच्या डायलिसिस सेंटरमध्ये जायचे, डाव्या हाताला सुया लावून चार तास पडून राहायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. निदान सर्वांना तसे वाटत होते. दिवाळीनंतर मात्र त्यांनी नागे करायला सुरुवात केली. एक झाला, दुसरा झाला. पाय सुजले, धाप लागली, तरी उठेनात.

मग एका सकाळी बनूबाई एकट्याच बदलापुरात, कुळगावला पंतांच्या घरी आल्या. कुंदाबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. बनूबाईंनी निम्म्या शेंगा आपल्यापुढे ओढल्या आणि पुष्कळशा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "वैनी, आमचं मानूस आता जायला तयार न्हाई. भीत बघून कटाळा आला म्हनतंय. भावजींचं कधी मोडत न्हाईत. एकदा येऊन बोला म्हनावं."

पंत त्याच दिवशी गेले. हिंदुरावांनी बाजू मांडली ती अशी: "चार तास पडायचं आन् समोर काय, तर पिस्ता कलरची भीत. टीव्ही हाय, त्यो बाकड्याच्या बाजूला, नातेवाइकांना. पंत, त्या भितीवर आपलं रान काढा. मग बघू."

हे त्यांनी थट्टेत म्हटले होते. पण पंतांनी आयुष्यभर कोणाचीही मागणी थट्टेत घेतली नव्हती. त्यांनी सेंटरच्या संजीवनी सिस्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, भिंतीवर डायरेक्ट नाही चालणार, पण फ्रेम लावा ना, बिनधास्त. फक्त एकच सांगते, वास नको हां. पेशंटना आधीच मळमळतं. पेंट एकदम सुकलेला पायजे." उल्हासनगरच्याच फर्निचर बाजारातून पंतांनी हार्डबोर्ड कापून घेतला. दुकानदार सिंधी शेठने तो हातावर वाजवून दिला आणि म्हणाला, "साईं, ह्यो घेवा, ह्याला सौ साल काय पन नाय होत." पंतांनी त्यावर प्रायमर चढवला, प्रायमर घासून गुळगुळीत केला, मग पिवळ्या मातकट रंगाचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर रान काढायला घेतले.

तैलरंगांचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला होता. कुंदाबाईंचे त्यावरचे मत घरात सर्वांना ठाऊक होते. "यांची झाडं जमिनीतून उगवत नाहीत," त्या पाहुण्यांना सांगत, "लेथवर कातलेली असतात."

*

बुवापाड्यातून चित्र परत आणल्यावर पंतांनी ते दिवाणखान्यात, आपल्या जुन्या चित्रांच्या ओळीखाली उभे केले आणि समोर बसले. गलबताचे एक चित्र होते, एका देवळाचे, एक आंब्याच्या झाडाचे.

"झालं काय नेमकं?" कुंदाबाईंनी विचारले.

"हिंदुराव म्हणतात, ऊन चुकीच्या बाजूने आलंय."

कुंदाबाईंनी चष्मा लावला, नवे चित्र पाहिले, मग वरची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. "अहो, मग हे गलबत बघा. हे देऊळ बघा. आंबा बघा. तुमच्या सगळ्याच सावल्या उजवीकडे पडतात की."

पंत उठून जवळ गेले. खरेच होते. आणि कारण त्यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांना एकाच वेळी हसू आले आणि लाजही वाटली. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी शिकवलेला नियम: यंत्रभागाच्या रेखाटनावर छाया दाखवायची असेल, तर प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरका येतो असे धरावे. सर्वांनी तसेच धरायचे, म्हणजे कोणाचाही कागद कोणालाही वाचता येतो. नियम चोख होता. त्या नियमावर त्यांनी आख्खी नोकरी केली. फक्त नोकरी संपली तरी सूर्य काही त्यांनी सोडला नव्हता. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात खिळा ठोकून बसवलेला तो तसाच होता, आणि ज्या रानात ते शेकडो सकाळी चालले होते, त्या रानावरही तोच टांगून ते मोकळे झाले होते.

त्यांनी फोन लावला. पलीकडे बनूबाईंनी तो हिंदुरावांच्या कानाशी धरला असावा.

"हिंदुराव, चूक माझी आहे. मी दुरुस्त करून देतो."

"आता कशाला तरास घेता? वाळलाय की रंग."

"वाळला तर खरवडता येतो. पण माझी एक अट आहे. तुम्ही हजर, तर मी हजर. तुमचा नागा झाला की त्या दिवशी माझा ब्रश बंद."

मग हिंदुरावांचा जुना, कारखान्यातला आवाज आला. "ही तर युनियनवाल्यांची भाषा झाली वो, पंत. तुमी तर मॅनेजमेंटकडं होता."

"आता दोघेही रिटायर आहोत. बोला."

"बघतो," हिंदुराव म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, हे पंतांनी मनाशी नोंदवले.

*

दुसऱ्याच दिवशी सकाळी पंत रिक्षा करून कोंडेश्वरला निघाले. कुंदाबाई म्हणाल्या, "गुडघ्यांची खात्री नाही तुमच्या, मी येते," आणि पायांत कॅनव्हासचे बूट घालून पुढे जाऊन बसल्या.

रस्ता रुंद झाला होता. जिथे करवंदीच्या जाळ्या होत्या, तिथे कोणाच्या तरी बंगल्याची कुंपणभिंत आली होती आणि मागे वळून पाहिले तर बदलापुरातल्या नव्या इमारतींची डोकी दिसत होती. पण नाल्याच्या काठची वाट शिल्लक होती, आणि ती धरून थोडे वर गेल्यावर ऐनही शिल्लक होता. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल पाहिल्यावर पंतांनी काठी खाली टेकवून झाडाला नमस्कार केल्यासारखी मान हलवली.

उत्तरेकडे तोंड करून ते उभे राहिले. ऊन उजव्या गालावर होते.

इतकी वर्षे ते इथे येत होते, पण हिंदुरावांशी बोलत, किंवा काहीच न बोलता. रंगवण्यासाठी म्हणून त्यांनी हे रान कधीच पाहिले नव्हते. आता पाहिले, तर त्यांच्या चित्रातले जवळजवळ काहीच तिथे नव्हते. खोडांना रेघेची कड नव्हती; उजेडाकडची बाजू उजेडात विरघळून गेली होती. सावल्या काळ्या नव्हत्या, जांभळट होत्या. आणि पाने हिरवी तर नव्हतीच. ज्या पानांच्या मागून ऊन येत होते, ती पिवळी पेटल्यासारखी दिसत होती.

"अहो, इकडे या," कुंदाबाईंनी हाक मारली. त्यांनी पदर पुढे ताणून धरला होता आणि त्यावर वरून झिरपलेल्या उन्हाचे कवडसे पडले होते. "बघितलंत का? सगळे गोल. वर पानांच्या फटी तर कशाही वेड्यावाकड्या आहेत. मग कवडसे कसे बरे गोल पडतात?"

पंतांनी वर पाहिले, पदराकडे पाहिले. त्यांच्या चित्रात जमिनीवरचे कवडसे टोकदार होते, फटींसारखे. त्यांनी ते न पाहता, तर्काने काढले होते. "बारीक फटीतून आलं, की उन्हाला फटीचा आकार राहत नाही," ते सावकाश म्हणाले. "सूर्याचा येतो. हा प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्यच आहे, कुंदा. तुझ्या पदरात."

"म्हातारपणी सुचलं का हे?" कुंदाबाई म्हणाल्या, पण पदर त्यांनी बराच वेळ तसाच धरून ठेवला.

*

जुन्या काळी ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली, तर कागद टाकून देत नसत. अर्धे ब्लेड घेऊन, मनगट स्थिर ठेवून, शाईचा थर अलगद खरवडून काढत. कागदाला भोक पडता कामा नये आणि रेघेचा मागमूस राहता कामा नये. या कामात पंतांचा हात कारखान्यात वाखाणला जाई. त्यांनी ब्लेडचे पुडके आणवले, बोर्ड खिडकीशी उभा केला आणि खोडांच्या उजव्या कडेपासून सुरुवात केली.

रंग भुकटी होऊन निघू लागला. गडद तपकिरी गेला, त्याखालचा हिरवा गेला, आणि एकाएकी खालून तो पहिला, पातळ, पिवळा हात दिसू लागला. पंतांचे ब्लेड थांबले. त्यांनी मागे सरून पाहिले. खोडाची उजवी कड उजेडात विरघळली होती. रानात पाहिली होती, अगदी तशीच.

त्यांचा बेत असा होता, की सगळे खरवडून झाल्यावर वरून पांढरा आणि पिवळा देऊन ऊन रंगवायचे. आता त्यांना दिसले, की ऊन खाली आधीपासूनच आहे. त्यांनीच ते झाकले होते. मग ते रंगवायचे कमी आणि काढायचे जास्त असे काम करू लागले. कवडसे त्यांनी ब्लेडच्या कोपऱ्याने गोल गोल उकरले. डाव्या बाजूंना, जिथे त्यांनी हौसेने ऊन फासले होते, तिथे जांभळट सावली चढवली, टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी घालून, लवकर वाळावी म्हणून.

डायलिसिसच्या दर दिवशी सकाळी बनूबाईंचा फोन येई. "गेल्यात," एवढेच त्या म्हणत. मग पंत ब्रश हातात घेत.

एका बुधवारी त्या म्हणाल्या, "भावजी, आज न्हाई म्हनत्यात. पांघरून ओढून पडल्यात."

"फोन स्पीकरवर टाका, वहिनी." पंत खुर्चीत बसले. "हिंदुराव, ऐकताय का? ऐनाचं खोड झालंय. नाला झालाय. धोंड्यावर अजून ऊन यायचंय. पण मी ब्रश धुऊन ठेवतोय."

पांघरुणातून आवाज आला, "धोंड्याचा ह्या अंगाचा कंगोरा दावला का? ज्येच्यावर मी पडलो व्हतो?"

"नाही."

"मग दावा की!"

"आज ब्रश बंद आहे."

"लई आडमुठं मानूस!" हिंदुराव कोणाला तरी उद्देशून ओरडले, आणि मग भांडे आपटल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बनूबाईंचा पुन्हा फोन आला. "रिक्षात बसल्यात. शिव्या देत देत गेल्यात, पर गेल्यात."

पंतांनी त्या दिवशी धोंड्याचा कंगोरा रंगवला.

चित्र पुरे झाल्यावर खरी कसोटी सुरू झाली ती वासाची. पंतांनी ते गॅलरीत उभे केले. त्यांचे स्वतःचे नाक रंगांना सरावले होते, म्हणून निवाड्याचे काम कुंदाबाईंकडे होते. रोज सकाळी चहाआधी त्या बोर्डापाशी वाकत, हुंगत आणि मान हलवत. "अजून नाही." पंत मुकाट परत फिरत. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी त्या वाकल्या, पुन्हा वाकल्या आणि म्हणाल्या, "आता नुसता लाकडाचा वास येतोय. न्या."

*

सेंटर बंद असते त्या रविवारी चित्र भिंतीवर चढले. पंत सोमवारी मुद्दाम गेले नाहीत. माणसाला त्याची गोष्ट एकट्याने पाहू द्यावी, असे त्यांचे मत होते. पण संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तेव्हा बुधवारी सकाळी त्यांनी उल्हासनगर गाठले.

दाराशी चपला काढून ते आत डोकावले. पिस्ता रंगाच्या भिंतीवर रान होते. लांबून पाहताना ते आपण केले आहे असे त्यांना वाटेना. पण चित्रासमोरच्या खाटेवर हिंदुराव नव्हते. तिथे एक विशीतली मुलगी होती. तिच्या हाताची पट्टी नवी होती आणि चेहरा रडून सुजलेला होता. पंत घाईने एकेक खाट पाहू लागले.

"काका, घाबरू नका," संजीवनी सिस्टर पुढे आल्या. "तुमचे हिंदुराव काका तिकडे आहेत, खांबाच्या मागे. ही जिज्ञासा. हिचा सोमवार पहिलाच दिवस होता. इतकी रडत होती, सुई लावू देईना. काका आले, चित्रासमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, सिस्टर, हा बेड तिला द्या. मी म्हटलं, अहो, तुमच्यासाठी तर लावलंय ना ते! तर म्हणाले, माझं बघून झालं."

पंत खांबाला वळसा घालून गेले. त्या खाटेवरून चित्राची चौकटसुद्धा दिसत नव्हती. हिंदुरावांच्या डाव्या हातातून लाल नळ्या यंत्राकडे जात होत्या.

"हे काय केलंत?" पंत खाली वाकून म्हणाले. "त्या भिंतीसाठी एवढं सगळं केलं आपण."

"बसा. रागावू नगा." हिंदुरावांनी उजव्या हाताने स्टूल सरकवले. "पोरगी नवी हाय, पंत. तिला वाट म्हाईत न्हाई. मला हाय."

"पण चित्र कसं झालंय, ते तरी सांगा."

हिंदुराव उत्तर देणार, इतक्यात खांबापलीकडून बारीक आवाज आला. "काका, ते मोठं झाड आहे ना, त्याच्या मागे वाट कुठे जाते?"

"वर, नाल्याच्या कडंकडंनं," हिंदुरावांनी आवाज चढवून सांगितले. "पुढं एक धोंडा लागतो, त्यो दिसला का?"

"हो."

"तितं जपून. मी आपटलोय. त्येच्या म्होरं करवंदं हायती. पर ती चित्रात न्हाईत. ती तू बरी झाल्यावर जाऊन खायाची."

"टाइम किती लागतो?"

"चार तास," हिंदुराव म्हणाले, आणि हॉलमधल्या दोन-तीन खाटांवरून हसू आले. त्या मुलीचेही त्यात होते.

पंत थोडा वेळ बसले. मग उठून ते दाराशी आले, वाकून चपला पायात सरकवल्या आणि निघण्याआधी एकदा मागे पाहिले. खांबाआड, चित्र न दिसणाऱ्या त्या खाटेवर, हिंदुरावांनी डोळे मिटले होते. मान डावीकडे किंचित कललेली होती, आणि उजवा गाल त्यांनी वर करून धरला होता.